बळीचा गुन्हा कोणता?

पाडव्याची पहाट. बाहेर अजून अंधार असतो, अंगणातल्या पणत्या तेल संपत आल्याने मिणमिणत असतात. स्नाने आटोपून घरातले पुरुष पाटावर बसतात. घरची बाई तबकात निरांजन घेऊन येते आणि ओवाळता ओवाळता म्हणते, "इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो." हे शब्द कळू लागल्यापासून आपण ऐकत आलो. आजी म्हणायची, आई म्हणायची, आता घरची मंडळी म्हणतात. ओवाळणी तबकात पडते, फराळाची ताटे येतात, आणि त्या शब्दांचा अर्थ काय हे विचारायचे राहून जाते.

पण विचारले पाहिजे. कारण हे मागणे मोठे विलक्षण आहे. आदल्या संध्याकाळी आपण लक्ष्मीची पूजा केलेली असते, आणि रात्र सरते न सरते तोच त्या लक्ष्मीच्या पतीने ज्याला राज्यावरून उठविले, त्याचेच राज्य परत येवो असे म्हणून मोकळे होतो. इतर असुरांच्या वाट्याला हे भाग्य आलेले नाही. दसऱ्याला रावणाचे राज्य येवो असे आपल्याकडे कोणी म्हणत नाही. नरकचतुर्दशीला तर नरकासुराच्या नावाने आपण कारीट पायाखाली चिरडतो व त्याचा कडू रस जिभेला लावतो. मग दोनच दिवसांनी दुसऱ्या असुराला हा मान का? देव जिंकला म्हणून सण करायचा, आणि हरलेल्याचे राज्य यावे म्हणून देवापुढच्याच दिव्याने ओवाळायचे, हा काय प्रकार आहे?

हा प्रश्न मला आपण होऊन पडला नाही. तो मला एका विद्यार्थ्याने घातला.

काही वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी वामनावतारावर एक छोटे नाटुकले लिहिले होते. पोरांना आवडावे म्हणून बळीला भरघोस मिशा दिल्या, काळा झगा दिला, आणि रंगभूमीवर पाऊल टाकताच तीन वेळा गडगडाटी हसण्याची सूचना कंसात लिहून ठेवली. असुर म्हटला म्हणजे तो हसलाच पाहिजे, अशी आम्हा नाटककारांची समजूत असते. बळीचे काम करणारा मुलगा सातवीतला होता, जिराईत शेती करणाऱ्या घरातला. दोन तालमी त्याने मुकाट्याने हसून काढल्या. तिसऱ्या तालमीला तो थांबला आणि म्हणाला, "गुर्जी, ह्यो हसतोय कशापायी? मागणारा दारात आला, ह्यानं त्येचं पाय धुतलं, मागंल ते दिलं. मग ह्येचं चुकलं काय?"

मी मास्तरी आवाजात उत्तर दिले, "त्याला दानाचा गर्व झाला होता." पोरगा गप्प झाला, पण त्याला पटले नव्हते, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होते. खरे सांगायचे तर मलाही पटले नव्हते. मी कादंबऱ्या लिहितो. खलपुरुष रंगवायचा तर आधी त्याचा गुन्हा ठरवावा लागतो, हे मला धंद्याने ठाऊक आहे. एकदा गुन्हा ठरला की मिशा, हास्य आणि झगा आपोआप येतात. बळीच्या बाबतीत मी झगा आधी शिवला होता आणि गुन्हा ठरवायला विसरलो होतो. तो शोधण्यासाठी मी जुन्या पोथ्या आणि भाषांतरे काढून बसलो. त्या शोधात जे हाती लागले ते येथे सांगतो.

१

ही कथा फार जुनी आहे, पण तिच्यात बळी मात्र मागाहून आला आहे. ऋग्वेदात विष्णूची तीन पावले आहेत. तिथे ती सबंध विश्व व्यापणाऱ्या देवाच्या पराक्रमाची पावले आहेत. त्यांत कोणाची फसवणूक नाही, कोणाचे राज्य गेलेले नाही, बळी नाही. शतपथ ब्राह्मणात देव आणि असुर यांच्यात पृथ्वीच्या वाटणीचा तंटा आहे. विष्णू तेथे बुटका आहे, आणि तो आडवा होऊन जेवढी जागा व्यापील तेवढी देवांची, असे असुर कबूल करतात. येथे युक्ती आली, पण बळी अजूनही आलेला नाही.

तो आला आणि कथेचे रूपच पालटले. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास पतंजलीने व्याकरणावरील आपल्या महाभाष्यात उदाहरणे देताना कंसवधाबरोबर बलिबंधाचा, म्हणजे बळीला बांधण्याचा, उल्लेख केला आहे. हे प्रसंग लोकांसमोर सादर होत असत, असे त्यावरून दिसते. म्हणजे माझ्या आधी दोन हजार वर्षे कोणीतरी बळीला रंगभूमीवर उभे केले होते. त्याला त्यांनी मिशा लावल्या होत्या की नाही, हे पतंजली सांगत नाही.

वाल्मीकिरामायणाच्या बालकांडात विश्वामित्र रामाला सिद्धाश्रमाची हकीकत सांगताना ही कथा थोडक्यात सांगतात. विरोचनाचा पुत्र बळी याने इंद्राला जिंकले आहे आणि तो यज्ञ करीत आहे. घाबरलेले देव विष्णूकडे जातात. त्यांची तक्रार काय आहे, ती मात्र नीट ऐकण्यासारखी आहे. ते म्हणतात, याच्याकडे कोठूनही कोणीही याचक येवो, तो जे मागेल ते हा देतो; तेव्हा याचा यज्ञ पुरा होण्याआधी आमचे काम करून टाक. फिर्याद ऐकावी आणि आरोपीची स्तुती कानी पडावी, असा हा मामला आहे. तो प्रजेला छळतो, स्त्रिया पळवितो, ऋषींचे यज्ञ मोडतो, यांतले एकही वाक्य देवांच्या तोंडी नाही. यज्ञ मोडणे दूरच. तो स्वतःच यज्ञ करतो आहे! रावणाविरुद्ध तक्रारी नेताना याच देवांना शब्द अपुरे पडले होते, हे लक्षात घेतले म्हणजे येथील अडचण कळते.

२

या कथेचे सर्वांत समृद्ध रूप भागवताच्या आठव्या स्कंधात आहे. आपल्या कीर्तनकारांनी घरोघर पोचविली ती बहुतांशी हीच कथा. ती पुन्हा सावकाश वाचली तेव्हा मला वाटले, ही लिहिणारा देवाचा निस्सीम भक्त होता खरा, पण त्याहून मोठा कथाकार होता. आपल्या देवाची अडचण त्याने झाकली नाही.

आरंभी अदितीचे दुःख आहे, आणि ते खरे आहे. तिची मुले घरादाराला मुकली आहेत. ती व्रत करते, विष्णू प्रसन्न होतो. पण तो तिला म्हणतो काय? असुरांना आता पराक्रमाने जिंकता येणार नाही, कारण ब्राह्मण त्यांना अनुकूल आहेत. म्हणजे बळाचा मार्ग बंद आहे, आणि धर्म बळीच्या बाजूला उभा आहे. उरते ते मागणे.

बळीचा यज्ञ नर्मदेच्या उत्तर तीरावर भृगुकच्छ येथे चालू आहे. भृगुकच्छ म्हणजे आजचे भडोच. तेथे बटू येतो. बळी त्याचे पाय धुतो आणि काय हवे ते माग म्हणतो. तीन पावले जमीन हवी, हे ऐकून बळीला हसू येते. तू पोरासारखे मागतोस, तो म्हणतो. माझ्याकडे एकदा आलेल्याला पुन्हा कोणापुढे हात पसरावा लागू नये, मोठे काहीतरी माग. बटू उत्तर देतो की, तीन पावलांनी ज्याचे समाधान होत नाही त्याचे सबंध बेटानेही होणार नाही. येथे गर्व आहे का? थोडा आहे. भरल्या घरच्या माणसाला असतो तेवढा. पण माझ्या नाटुकल्यातले हसणे ते हे नव्हे. दारी आलेल्या लहान मुलाने रुपया मागावा आणि आजोबांनी हसून म्हणावे, अरे, एवढेच? त्या जातीचे हे हसू आहे.

मग शुक्राचार्य उठतात, आणि येथून कथा खोल पाण्यात शिरते. ते शिष्याला स्पष्ट सांगतात की, हा बटू नव्हे, विष्णू आहे. दोन पावलांत सगळे घेईल आणि तिसऱ्याला जागा उरणार नाही. यातला प्रत्येक शब्द खरा ठरतो. पण पुढे ते आणखी एक गोष्ट सांगतात. थट्टेत, लग्नाच्या बोलाचालीत, पोटापाण्याचा प्रश्न असता, प्राणावर बेतले असता खोटे बोललेले निंद्य नाही. तेव्हा शब्द फिरव.

बळी थोडा वेळ गप्प बसतो. मग म्हणतो की, असत्याहून मोठा अधर्म नाही. पृथ्वीसुद्धा म्हणते, मी सगळा भार सोशीन, खोट्या माणसाचा मात्र सोसवत नाही. देतो म्हटले ते मी देणार.

आता या तिघांकडे एकत्र पाहा. गुरू शिष्याला शब्द फिरवायला सांगतो आहे. देव वेष पालटून आला आहे. आणि ज्याला आपण असुर म्हणतो तो एकटा, समोर काय वाढून ठेवले आहे ते पुरते समजून, सत्याला धरून उभा आहे. बळी फसला असे आपण म्हणतो, ते म्हणूनच बरोबर नाही. फसतो तो न कळता. बळीला सगळे सांगितले गेले होते. संकल्पाचे पाणी त्याने डोळे उघडे ठेवून सोडले.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. एका पावलात पृथ्वी जाते, दुसऱ्यात स्वर्ग. बळीचे सैनिक शस्त्रे उगारतात, तर बळीच त्यांना आवरतो. काळ आज आपला नाही, म्हणतो. गरुड त्याला वरुणपाशाने बांधतो. मग देव बांधलेल्या माणसाला विचारतो, तिसरे पाऊल कोठे ठेवू? शब्द पुरा केला नाहीस, तर नरकात जाशील. यावर बळी उत्तर देतो की, मला नरकाची भीती वाटत नाही, या पाशांचीही नाही, जेवढी दुष्कीर्तीची वाटते. तिसरे पाऊल माझ्या मस्तकावर ठेव.

येथे भागवतकार एक फार मोठी गोष्ट करतो. बळीने मस्तक पुढे केले, आणि पोथी तिथेच दुसरीकडे वळते. तेवढ्यात आजोबा प्रल्हाद येतो. बांधल्या हातांनी नातवाला त्यांची पूजाही करता येत नाही. तो डोळ्यांत पाणी आणून नुसते मस्तक लववितो. बळीची पत्नी विंध्यावली हात जोडून पुढे येते. शेवटी ब्रह्मदेव देवाला म्हणतो की, याने सर्वस्व दिले, स्वतःलाही दिले, हा बांधून ठेवण्याच्या लायकीचा नाही, याला सोड. देवांच्या बाजूच्या सर्वांत वडील माणसाने भर यज्ञमंडपात आपल्याच पक्षाला हे ऐकवावे! आणि देवही ते मान्य करतो. श्रीमंतीने माणूस ताठतो म्हणून ज्याच्यावर मी कृपा करतो त्याची संपत्ती हरण करतो, हे तत्त्व तो सांगतो खरे. पण लगेच बळीबद्दल म्हणतो की, धन गेले, पद गेले, बांधला गेला, गुरूने शाप दिला, आप्तांनी सोडले, तरी याने सत्य सोडले नाही. हा निकाल खुद्द जिंकणाऱ्याने दिलेला आहे. त्याला सुतलाचे राज्य मिळते, पुढच्या एका मन्वंतरात इंद्रपद मिळण्याचे वचन मिळते, आणि देव हातात गदा घेऊन त्याच्या दाराशी द्वारपाल म्हणून उभा राहतो.

बळीच्या डोक्यावर पाय ठेवून त्याला रगडीत पाताळात घालणारा वामन आपण भिंतीवरच्या चित्रांत पाहतो. भागवतात तसले वर्णन नाही. मस्तक पुढे केलेले आहे. रगडणे आपण घातले.

३

मग गुन्हा कोणीच सांगितला नाही काय? सांगितला आहे. तो मला महाभारतात सापडला, आणि सापडल्यावर मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो.

शांतिपर्वात एक प्रसंग आहे. राज्य गेलेला बळी कोठे असेल, असे इंद्र ब्रह्मदेवाला विचारतो. तो सांगतो, एखाद्या ओसाड घरात उंट, बैल, गाढव किंवा घोडा होऊन राहत असेल. इंद्र ऐरावतावर बसून शोधायला निघतो. त्याला ओसाड घरात भुसा खाणारे एक गाढव दिसते. तोच बळी. इंद्र त्याला डिवचतो. तुझे छत्र कोठे आहे, चवऱ्या कोठे आहेत, आता दुःख होते की नाही? गाढवाच्या तोंडून जे उत्तर येते ते ऐकून इंद्राची पुढे बोलायची हिंमत राहत नाही. बळी म्हणतो, मला शोक नाही. हे तू केलेले नाहीस, काळाने केले आहे. तुझ्यासारखे हजारो इंद्र आले आणि गेले. हे पदही तुझे नव्हे. पडलेल्या माणसापुढे उभे राहून फुशारकी मारणे तुला शोभत नाही.

आपल्या साहित्यात पराभूताचे याहून ताठ मानेचे भाषण मला आठवत नाही. आणि ते गाढवाच्या तोंडी आहे! व्यासांनी त्याची मिशी, मुकुट, झगा सगळे काढून घेतले, माणसाचे रूपसुद्धा काढून घेतले, आणि मग त्याला बोलू दिले.

तेवढ्यात बळीच्या देहातून तेजाची एक स्त्री बाहेर पडते. ती श्री, म्हणजे लक्ष्मी. ती इंद्राकडे निघाली आहे. इंद्र विचारतो, याला का सोडलेस? आता तरी गुन्हा कळणार, म्हणून मी सरसावून बसलो. ती म्हणते की, सत्य, दान, व्रत, तप, पराक्रम आणि धर्म असतील तेथे मी असते. हा पूर्वी सत्यवादी होता, जितेंद्रिय होता, ब्राह्मणांना मानणारा होता. पण पुढे हा ब्राह्मणांचा मत्सर करू लागला आणि उष्ट्या हाताने तुपाला शिवला.

उष्ट्या हाताने तुपाला शिवला! सबंध त्रैलोक्याचे राज्य गेले त्याचे कारण हे. रावणाच्या दोषांच्या यादीशेजारी ही यादी ठेवून पाहा. आणि पहिला आरोप तरी टिकतो का? महाभारत म्हणते, तो ब्राह्मणांचा मत्सर करीत होता. भागवत म्हणते, ब्राह्मण त्याला इतके अनुकूल होते की देवाला बळाने जिंकता येईना. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहीत. उरतो तो तुपाचा डाग. कथाकाराला गुन्हा सापडत नाही आणि शिक्षा तर झालेली आहे, तेव्हा असली कारणे पुढे येतात. आम्ही कादंबरीकारही अडचणीत सापडलो म्हणजे हेच करतो, म्हणून ही मेख मला चटकन ओळखू आली.

४

पोथ्यांनी जे केले नाही ते मागच्या लोकांनी केले, असे मात्र म्हणता येणार नाही. लोकांनी बळीला बहुधा चांगलेच वागविले.

केरळात ओणमाचा सण दहा दिवस चालतो. सिंह महिन्यात, मल्याळी लोक ज्याला चिंगम म्हणतात त्यात, तिरुवोणमच्या दिवशी महाबली आपली प्रजा पाहायला परत येतो, अशी तिथली श्रद्धा. त्याच्या स्वागताला दारापुढे फुलांच्या रांगोळ्या घालतात. त्याच्या राज्यात खोटे नव्हते, फसवणूक नव्हती, माणसे एकसारखी होती, असे तेथील लोकपरंपरा सांगते. आणि गंमत अशी की, कोचीजवळच्या तृक्काकरा येथे वामनाचे मोठे मंदिर आहे व ओणमचा उत्सव तेथेही थाटाने होतो. ज्याने घालविले तो आणि ज्याला घालविले तो, दोघांचाही मान एकाच सणात राखला जातो. तुळू मुलखात दिवाळीला शेतात दिवा नेऊन बळींद्राला हाका मारतात. आपल्याकडेही धर्मग्रंथांनी दिवाळीचे तीन दिवस बळीच्या राज्याचे म्हणून राखून ठेवले आहेत, आणि राखीच्या मंत्रातसुद्धा बळीचे नाव आहे. भक्तिमार्गी मंडळी नवविधा भक्ती सांगताना शेवटच्या, सर्वांत कठीण अशा आत्मनिवेदनाला बळीचेच उदाहरण देतात.

एका गोष्टीत मात्र आपली मराठी चुकली. आड येणाऱ्या माणसाला आपण 'झारीतला शुक्राचार्य' म्हणतो. शुक्राचार्य सूक्ष्म रूप घेऊन झारीच्या तोटीत बसले, पाणी अडले, वामनाने दर्भाची काडी खुपसली आणि त्यांचा डोळा गेला, ही ती कथा. भागवतात ही झारी नाही. तेथे शुक्राचार्य उघड बोलतात आणि शिष्य ऐकत नाही म्हणून उघड शाप देतात. त्यांचा सल्ला घेण्याजोगा नव्हता, पण त्यांचे भाकीत सोळा आणे खरे होते. कडवे खरे सांगणाऱ्याला आपण झारीत कोंबले आणि शिवी म्हणून त्याचे नाव वापरू लागलो.

आणि मग जोतीराव फुले. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' लिहिली. जोतीराव आणि धोंडीबा यांच्या प्रश्नोत्तरांतून चालणारे हे पुस्तक आहे. अवतारांच्या कथांकडे त्यांनी जिंकणारे आणि जिंकले गेलेले यांचा झगडा म्हणून पाहिले आणि बळीला या मातीतला न्यायी राजा म्हटले. खंडोबा, जोतिबा, म्हसोबा ही आपली खेड्यापाड्यांतली दैवते त्यांनी त्या राज्याच्या कारभाराशी जोडली. दसऱ्याला काही घरांत कणकेचा किंवा तांदळाचा बळी करून त्याचे पोट फोडण्याचा रिवाज होता, त्याकडेही त्यांनी बोट दाखविले. एका घरात बळी फोडतात आणि दुसऱ्या घरात त्याचे राज्य मागतात. दोन्ही घरे एकाच गावात! हे त्यांनी पाहिले.

जोतीरावांच्या शब्दांच्या व्युत्पत्त्या आज भाषाशास्त्रापुढे टिकत नाहीत, हे मान्य करावे लागते. पण व्युत्पत्ती चुकली म्हणून वाचन चुकले असे होत नाही. शतकानुशतके या कथेचे टीकाकार देवाच्या पावलाकडे पाहत होते. पावलाखालच्या मस्तकाकडे पाहून प्रश्न विचारणारा आधुनिक मराठीतला पहिला वाचक हा. पुढे आ. ह. साळुंखे यांच्या 'बळीवंश' या ग्रंथाने तो प्रश्न विद्वत्तेच्या तयारीनिशी पुन्हा मांडला.

आता गंमत पाहा. कीर्तनकार म्हणतो, बळी थोर भक्त. जोतीराव म्हणतात, बळी थोर राजा. या दोघांचे एकमेकांशी पटणे कठीण. देवाविषयी तर मुळीच पटणार नाही. पण बळीविषयी दोघांचे एकमत आहे. त्याला दुष्ट ठरविले ते आम्ही, संमेलनाची नाटुकली आणि पोरांची गोष्टींची पुस्तके लिहिणाऱ्यांनी. देव जिंकला म्हणजे समोरचा वाईटच असला पाहिजे, हा हिशेब आम्हाला सोपा वाटला. त्यात आम्ही बळीवर अन्याय केलाच, पण मुलांवर अधिक केला. जो हरतो तो पापी असतो, हे आम्ही त्यांना मिशा आणि झगा दाखवून शिकविले. मूळ कथा नेमके याच्या उलट शिकवीत होती.

५

मराठीत 'बळी' हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. 'बळी तो कान पिळी' यातला बळी म्हणजे बलवान. देवीपुढे कापतात तो बळी निराळा. विभावरी शिरूरकरांनी १९५० साली तारेच्या कुंपणाआड कोंडलेल्या गुन्हेगार ठरविलेल्या जमातींवर कादंबरी लिहिली, तिला 'बळी' हेच नाव दिले, आणि तेथे कोणता बळी ते विचारावे लागत नाही. तिसरा आपला राजा. या तिघांची मुळे वेगळी असतीलही, पण कानाला ती एकच आहेत आणि बोलणाऱ्याच्या मनात ती एकमेकांत मिसळतात.

शेतकऱ्याला आपण बळीराजा म्हणतो. पाऊस लांबला की वर्तमानपत्रे छापतात, बळीराजा हवालदिल. कांद्याचे भाव पडले की, बळीराजा संकटात. राजा हा शब्द इतक्या दीनवाण्या क्रियापदांबरोबर दुसऱ्या कोणाच्या बाबतीत येत नाही. आपण त्याला राजा म्हणतो ते त्याच्या दातृत्वामुळे, हे खरे. पेरलेल्याचे दसपट देणारा तो. पण पुष्कळदा मला वाटते की, ते नाव घेताना आपल्या मनात कथेचा उत्तरार्ध असतो. हा देणारा आहे, याच्याकडून घ्यायला हरकत नाही, आणि हा शब्द फिरविणार नाही. पहिले पाऊल, दुसरे पाऊल, आणि मग त्यालाच विचारायचे की, तिसरे कोठे ठेवू?

माझे नाटुकले मी पुन्हा लिहिले. मिशा काढल्या, झगा काढला, हसणे एकदाच ठेवले, आणि तेही बटूला 'एवढेच?' म्हणतानाचे. शुक्राचार्यांना झारीतून बाहेर काढून उघड बोलू दिले. शेवटच्या प्रवेशात वामनाने तिसऱ्या पावलाची जागा विचारल्यावर बळीने काय करावे, हे मी लिहून दिले नव्हते. त्या मुलाने आपल्या हाताने मुकुट उतरविला, शेजारी नीट ठेवला आणि मान वाकविली. एरवी आमच्या संमेलनात शेवटपर्यंत शिट्ट्या चालू असतात. त्या वेळी कोणी वाजविली नाही.

मागच्या रांगेत त्याचा बाप उभा होता. कार्यक्रम सुटल्यावर तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "मास्तर, त्येला हसाया लावलं न्हाई, ते बरं झालं." एवढेच बोलून तो गेला. त्याच वर्षी त्याच्या रानाचा विहिरीकडचा तुकडा कर्जापायी दुसऱ्याच्या नावावर झाला होता, हे मला पुढे उन्हाळ्यात कळले.

तेव्हापासून पाडव्याला पाटावर बसलो की ते शब्द मी लक्ष देऊन ऐकतो. बळीचे राज्य म्हणजे काय, हे पोथ्यांनी फार लांबलचक सांगितलेले नाही. दारी आलेला रिकाम्या हाताने जात नसे, आणि एकदा दिलेला शब्द, तो पाळण्यात सर्वस्व जाते हे दिसत असूनही, फिरविला जात नसे, एवढ्या दोनच खुणा आहेत. पहिली खूण पाळायला घरात पुष्कळ असावे लागते. दुसरीला काहीच असावे लागत नाही. तबकातली ओवाळणी टाकताना निदान या दुसऱ्या खुणेपुरते तरी आपल्याला काही करता येईल का, एवढे ज्याचे त्याने आपल्याशी विचारून पाहावे. आपल्याकडून कोणाला काही देणे लागत असेल, कोणाला भाव कबूल केलेला असेल, कोणाला 'येतो' म्हणून सांगितलेले असेल, तर पाडव्याचा दिवस त्याला चांगला आहे.